मस्टरबाहेरची सहा वर्षं

भोर,
९ फेब्रुवारी २०२५

चि. रत्ना,

तू मालदीवला गेल्याचं मला भोरच्या एसटी स्टँडवर कळलं. तुझा भाऊ संपत हिर्डोशीच्या गाडीची वाट बघत उभा होता. मी सहज विचारलं, रत्ना कशी आहे, नसरापूरच्या शाळेत रमली का. तो म्हणाला, "ती हितं हाय कुठं बाई? तिकडं समुद्रातल्या बेटावर मास्तरीण झालीया. म्हैना झाला." आणि मी म्हणाले, "हो हो, बोलली होती मला." हे खोटं मी का बोलले ते सांगता येत नाही. वीस वर्षं तुला ओळखणाऱ्या बाईला तुझी बातमी स्टँडवर कळावी, याची लाज वाटली असेल.

संपतकडून तुझा नवा नंबर घेतला आणि त्यावर "पोचलीस का?" एवढंच लिहिलं. महिन्यानंतर विचारायचा हा प्रश्न नव्हे, पण दुसरं सुचलं नाही. तुझं उत्तर चार दिवसांनी आलं. मोबाईलवरचे निरोप केव्हा पुसले जातील याचा मला भरवसा नाही, म्हणून मी ते कागदावर उतरवून घेतलं आहे:

"बाई, पोचले. बरी आहे. आठवी-नववीला गणित देते. इथे मागच्या अनुभवाचा दाखला मागतात. आपल्या शाळेने दिला नाही, तुमचं नाव रेकॉर्डला नाही म्हणाले. त्या वेळच्या मुख्याध्यापकांचं सहीचं पत्र चालेल असं इथले म्हणतात. मेअखेरपर्यंत नाही मिळालं तर परत पाठवतील. द्याल का?"

बघते हं. एकदम हो म्हणत नाही, कारण मला निवृत्त होऊन पावणेतीन वर्षं झाली. शिक्का शाळेकडे, लेटरहेड शाळेकडे. साध्या कागदावर मी काही लिहून दिलं तर परदेशातले लोक ते किती मानतील? चौकशी करून कळवते.

आता तुझ्या कामाचं. पहिल्या सत्रात प्रत्येक मुलाचं नाव पाठ कर, आडनावासकट. वर्गात आवाज चढवू नकोस. तू हळू बोललीस की ती आपोआप गप्प होतात, हे तुला मी सांगायला नको. पाण्याची बाटली जवळ ठेव. जेवण लागतं का? आठवीत तू भोरला वसतिगृहात आलीस तेव्हा पहिले पंधरा दिवस तुला पोळी गिळवत नव्हती. शनिवारी दुपारी माझ्याकडे इंग्रजी शिकायला यायचीस आणि मी भाकरी केली की डोळे खाली घालून दोन खायचीस. तिसरी मी न विचारता वाढायची.

हे पत्र मी हातानेच लिहिणार. फोटो काढून तुला मोबाईलवर पाठवते आणि मूळ कागद पोस्टात टाकते. पोस्टाचा पोचायला तीन आठवडे लागतील म्हणे. पोचू दे दोन्ही.

जाताना सांगितलं असतंस तर मी तुला अडवलं नसतं.

तुझी,
साधनाबाई


भोर,
२ मार्च २०२५

चि. रत्ना,

संपत काल बाजाराला आला होता. तू आईला बोलून पाठवलेले निरोप त्याने मला स्टँडवरच्या गोंगाटात कानाला मोबाईल लावून ऐकवले. माझ्या वाट्याला दोन ओळी आणि आईला तेवढं सगळं. असो, ती आई आहे.

वीस मिनिटांत बेट संपतं, असं तू सांगतेस. डोंगर नाही, म्हणून शाळेतून बाहेर पडलं की कुठल्या अंगाला वळायचं ते कळत नाही. पाणी खारं, केस गळतात. सकाळ-संध्याकाळ मासा, तू भात आणि लोणच्यावर काढतेस. खोलीत केरळची एक शिक्षिका आहे, ती चांगली आहे, पण रोज रडते आणि तिच्यामुळे तुला रडता येत नाही. हे ऐकताना संपत हसत होता. मला हसू आलं नाही.

आणि मुलं तुझ्या इंग्रजीला हसतात. तू फळ्याकडे वळलीस की मागे कुणीतरी तुझीच नक्कल करतं. तुला ते लागलं आहे, आवाजावरून कळलं. रत्ना, ती तुला नाही, मला हसत आहेत. तुझं इंग्रजी माझं आहे. माझं सिस्टर फिलोमिनांचं. मी नऊ वर्षांची असताना भोरहून पुण्याच्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये गेले, तेव्हा सगळा वर्ग मला असाच हसला होता. सिस्टरनी एकीलाही रागावलं नाही. त्यांनी मला रोज सकाळी प्रार्थनेनंतर एक पान मोठ्याने वाचायला लावलं. महिन्याभरात मुली कंटाळल्या. तूही त्या मुलांना कंटाळू दे. गणिताचं एक उदाहरण रोज त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घे, मग त्यांची जीभ कुठे अडते ते तुलाही कळेल आणि त्यांनाही.

मागे बसून तास पाहणाऱ्या सुपरवायझरबाईंना भिऊ नकोस. त्या काही लिहीत असतील तेव्हा त्यांच्या पेनाकडे बघायचं नाही.

दाखल्याचं. मी विचार केला. तुझ्या हजेरीची जी वही मी ठेवली होती, तिला वाळवी लागली. माझ्याजवळ आता एकही कागद नाही आणि कागदाशिवाय मी लिहिलं तर तू अडचणीत यायचीस. त्यापेक्षा नसरापूरच्या शाळेतली तुझी दोन वर्षं आहेत, त्यांच्याकडून घे. दोन तर दोन.

आपल्या शाळेतली मिताली परवा भाजीबाजारात भेटली. तुझी चौकशी केली.

तब्येतीला जप.

साधनाबाई


भोर,
६ एप्रिल २०२५

रत्ना,

मागच्या पत्राच्या फोटोखाली दोन निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे तू वाचलंस. उत्तर आलं नाही. आलं ते तेवीस दिवसांनी: "बाई, मुदत ३१ मे आहे."

मला तुझा राग आला. सहा वर्षं मी तुला शाळेत उभं केलं, आठवीपासून तुला घरात घेतलं, आणि तू मला तारीख कळवतेस? दोन दिवस मी हे मनात घोळवत होते. मग माझं मलाच ऐकू आलं.

तुला यातलं बरंच ठाऊक आहे, तरी एकदा माझ्या हाताने लिहिते.

जून २०१६. आपल्या वाढीव तुकडीला सरकारची मान्यता नव्हती, म्हणून तिच्या शिक्षकाला पगार नव्हता आणि मस्टरवर नावही नव्हतं. संस्थेचे सेक्रेटरी गंगाधरराव म्हणाले, ढेब्यांची मुलगी हुशार आहे, आत्ता शिकवू दे, मान्यता आली की पहिलं नाव तिचं. अशी पद्धत सगळीकडेच आहे. दहा-दहा वर्षं माणसं अशी शिकवतात. मी तुझ्यासाठी वेगळी वही केली, दोनशे पानी, स्वतः रेघा मारून. तू रोज साडेदहाला माझ्या केबिनमध्ये येऊन त्यात सही करायचीस. वडील गेले ते तीन दिवस सोडले तर खाडा नाही. पहिली दोन वर्षं तू हिर्डोशीहून ये-जा करायचीस, एसटी चुकली तर दुधाच्या टेम्पोने. तुझ्या चपलांचा चिखल केबिनच्या उंबऱ्यापाशी वाळलेला असायचा.

मान्यता आली २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर, आणि आली ती २०१६ पासूनची. गंगाधररावांनी त्यांच्या सुनेचं, मितालीचं नाव पाठवलं. सहा वर्षं शिकवलंस तू आणि कागदावर शिकवलं तिने. त्या सहा वर्षांत ती बहुतेक काळ पुण्याला माहेरी होती, लग्नही व्हायचं होतं. माझी निवृत्ती पुढच्या मे महिन्यात होती आणि पेन्शनच्या प्रस्तावावर गंगाधररावांची सही लागत होती. त्यांनी धमकी दिली नाही. हसत म्हणाले, "मॅडम, तुमचंही काम अडायला नको."

तुला मी एप्रिलअखेरीस सांगितलं, की नाव वरूनच आलं, माझ्या हातात काही नव्हतं. तू "बरं बाई" म्हणालीस आणि वाकून नमस्कार केलास. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला.

वहीला वाळवी लागलेली नाही. मी ती पाण्याच्या बंबात घातली. पुठ्ठा जळायला वेळ लागला.

आता तूच सांग, कशाच्या आधारावर लिहू? मी तुझं खरं लिहिलं की मितालीचं खोटं ठरतं. तिचं खोटं ठरलं की तिच्या कागदांवरची माझी सही खोटी ठरते. मी एकसष्ट वर्षांची आहे. यजमान गेल्यापासून पेन्शनशिवाय मला दुसरं काही नाही. तू तरुण आहेस, तुला दुसरीकडे मिळेल.

हे वाक्य खोडणार होते. राहू दे. मी असं लिहिलं हे तुला दिसू दे.

साधना


भोर,
११ मे २०२५

प्रिय रत्ना,

परवा मी हिर्डोशीला तुझ्या आईकडे जाऊन आले. तुझ्याकडून उत्तर येत नव्हतं, म्हणून वाटलं, निदान कोंडाबाईंना आपण होऊन सांगावं. त्या रडतील, मी रडेन, मग त्या तुला समजावतील. खरं सांगते, असाच विचार करून निघाले होते. कॉन्व्हेंटमध्ये शनिवारी ख्रिश्चन मुली पाद्र्यापाशी जाऊन आपली पापं सांगून यायच्या आणि बाहेर येताना त्यांचे चेहरे धुतल्यासारखे दिसायचे. मला त्यांचा फार हेवा वाटायचा. त्या वयापासून मला वाटत आलं आहे, की सांगितलं म्हणजे झालं.

गाडीतून उतरून तुमच्या पाड्यावर चढायला मला पाऊण तास लागला. तीन ठिकाणी बसले. तू रोज हे उतरून साडेदहाला कशी पोचायचीस? कोंडाबाई गोठ्यापाशी शेण गोळा करत होत्या. हात धुऊन आल्या, ताक दिलं, माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, "या चपलांवर आलासा? धन्य हाय." मग तुझ्या पगारातून घरावर नवीन पत्रे घातले ते दाखवले. तुझ्याबद्दल बराच वेळ बोलत होत्या. तू तिकडे नाचणी मागवलीस म्हणे, आणि भाकरी चिकटली म्हणून त्या केरळच्या मुलीने तिचं धिरडं केलं.

मी सुरुवात केली. म्हटलं, कोंडाबाई, रत्नाच्या नोकरीच्या बाबतीत माझ्या हातून फार वाईट झालं आहे.

त्या म्हणाल्या, "त्ये व्हय? ठावं हाय की आमाला."

मला वाटलं तू माझी पत्रं वाचून दाखवली असशील. तसं नव्हतं. कोंडाबाईंनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते, कारण दोन दिवस ते माझ्या कानातून जात नाही.

"त्या दिवाळीला म्या तुमच्यासाठी तूप घिऊन धाडली हुती रत्नीला. दार उघडंच हुतं म्हनली. टेबलावर ती सेक्रेटरीची सून सह्या करत बसल्याली, आन् तुमी तिला पेन बदलून बदलून देत हुता. रत्नीनं बरनी पायरीवर ठिवली आन् माघारी आली."

ती बरणी मला आठवते, रत्ना. मला वाटलं होतं संपत ठेवून गेला. आम्ही चौघांनी, म्हणजे मिताली, तिचा नवरा, गंगाधरराव आणि मी, त्यातलंच तूप त्या दुपारी पुरणपोळीवर घेतलं.

मी विचारलं, मग तिने मला काहीच का विचारलं नाही? कोंडाबाई म्हणाल्या, "काय इचारनार? तुमी शिकविलं तिला. म्या म्हनलं, आजपासनं जाऊ नगंस त्या शाळंत. तर म्हनली, आये, पोरांची परीक्षा हाय, धडं ऱ्हायल्यात."

म्हणजे नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत तू सगळं ठाऊक असून रोज माझ्या केबिनमध्ये येत होतीस. वही मी जाळली होती, तुला सांगितलं होतं भरली आहे, नवीन करते. नवीन केलीच नाही. तू साडेदहाला यायचीस, टेबलावर वही नाही हे बघायचीस आणि वर्गावर जायचीस. दहावीचा निकाल त्या वर्षी गणितात शंभर टक्के लागला. जूनमध्ये ठेवलेल्या माझ्या निरोपसमारंभात गंगाधररावांनी तो माझ्या नावावर सांगितला आणि मी मान लववली.

कोंडाबाईंना मी विचारलं, मग त्यानंतरही तुम्ही मला दर वर्षी नाचणी कशी पाठवत राहिलात? त्यांना प्रश्नच कळला नाही. "तुमी आठवीत तिला घरात घेतली, भाकरी करून घातली, त्याची हाय ती. त्याचा ह्याच्याशी काय संमंद?"

मी रडायला लागले. त्यांनी मला गप्प केलं नाही आणि स्वतः रडल्याही नाहीत. ताकाचा पेला उचलता उचलता म्हणाल्या, "तुमी शिकल्याली मानसं लिवल्यालं लई मानता. आमच्याकडं कोन लिवून ठेवतंय? म्हनून काय झालंच न्हाई व्हय?" आणि मग, "उठा बाई, गाडी चुकंल तुमची. महाडवरनं येनारी शेवटची हाय ती."

गाडी चुकली नाही. खिडकीशी बसले आणि भोर येईपर्यंत विचार करत होते, की तुला अजून काय काय लिहिलेलं नाही.

पेनांचं लिहिलं नव्हतं. मस्टर मी लिहिलं, माझ्या हातचं, साडेपाच वर्षांचं, चार दिवसांत. मिताली एकाच पेनाने सह्या करत सुटली होती. मीच म्हणाले, असं नको, कुणाच्याही लक्षात येईल. कपाटातून पेनं काढून दिली, एक गडद, एक फिकट, एक गळकं. पावसाळ्याच्या महिन्यांत सही जरा फिसकटलेली कर, असंही सांगितलं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. गंगाधररावांनी फक्त मस्टर मागितलं होतं. ते खरं वाटावं ही काळजी माझी. कुठलंही काम नीटनेटकं करायचं हे सिस्टरनी लावलेलं वळण मी असं वापरलं.

आणि एक. पेन्शनची भीती होती हे खरं, पण तेवढंच नव्हतं. त्या चार दिवसांत माझ्या मनात एकच वाक्य होतं, की रत्ना समजून घेईल. मितालीच्या बाबतीत असं मला कधी वाटलं नसतं. ती चारचौघांतली, तिला कमी पडलं तर तिचे लोक बोलतील. तुझ्याबद्दल मी गृहीत धरलं, की पाड्यावरची मुलगी आहे, हिला सवय आहे. ज्या मुलीला मी तिसरी भाकरी न विचारता वाढत होते, तिच्याबद्दल. मी तुझ्यावर माया केली आणि तुला आपल्या बरोबरीचं कधी मानलं नाही.

तू दाखला मागितलास तेव्हा तुला हे सगळं ठाऊक होतं. तरी "द्याल का" असं विचारलंस.

देते. या आठवड्यात लिहून स्पीड पोस्टाने पाठवते आणि फोटो त्याआधी. मुदत गाठू.

साधना


भोर,
२५ मे २०२५

रत्ना,

दाखला लिहायला मला दहा दिवस लागले. पहिल्या मसुद्यात मितालीचं नाव नव्हतं, दुसऱ्यात वहीचं नव्हतं. तिसरा पाकिटात घालून काल पोस्टात गेले. रांगेत माझ्यापुढे दोघंजण होते तेव्हा मोबाईल वाजला.

"बाई, दाखल्याची गरज उरली नाही. मुख्याध्यापिकांना मी खरं ते सांगितलं, की रेकॉर्डला माझं नाव नाही. त्यांनी माझे तीन तास मागे बसून पाहिले, मुलांशी बोलल्या आणि कायम केलं. तुम्ही त्रास घेऊ नका."

मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहिते. सुटले असं वाटलं. पाय हलके झाले. तुझ्या आनंदाने नाही. तुझा आनंद मला घरी आल्यावर आठवला. रांगेतून बाहेर पडले, पाकीट पिशवीत टाकलं, वाटेत हापूसची अर्धी पेटी घेतली. मला एकटीला.

"तुम्ही त्रास घेऊ नका." तू हे रागाने लिहिलं नाहीस, मला माहीत आहे. रागाने लिहिलं असतंस तर बरं झालं असतं.

अभिनंदन. ती मुलं आता हसत नसतील.

सा.


भोर,
१५ जून २०२५

प्रिय रत्ना,

तीन आठवडे मी पाकीट फाडलं नाही आणि पाठवलंही नाही. कपड्यांच्या कपाटात ठेवून दिलं. स्वतःला सांगत होते, जिच्यासाठी लिहिलं तिलाच नको आहे, आता ज्याला त्याला कशाला दुखवायचं.

गुरुवारी सकाळी मिताली आली. बरोबर पेढे होते, तिच्या धाकटीचं नाव बालवाडीत घातलं त्याचे. बसली, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली आणि मग पर्समधून टाईप केलेला कागद काढला. शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयाने त्या वर्षांतल्या मान्यता पुन्हा तपासायला काढल्या आहेत. तत्कालीन मुख्याध्यापिकेचा खुलासा लागतो, की सौ. मिताली या २०१६ पासून प्रत्यक्ष कामावर होत्या, मस्टर मूळ आणि खरं आहे.

"काकू, फक्त सही. बाकी सगळं बाबांनी बघितलंय."

मी कागद दोनदा वाचला. मराठी चांगलं होतं. सहीच्या जागी पेन्सिलीने फुली केली होती. खोटं का सांगू, मी पेनाचं टोपण काढलं. मग विचारलं, "मिताली, २०१६ ला आठवीच्या वर्गात कोण होतं, एखादं नाव सांगशील?"

ती हसली. तिला वाटलं मी उगाच फिरकी घेते. मग तिच्या लक्षात आलं. तिचा चेहरा उतरला, आणि मला तिची दया आली हेही लिहिते. ती वाईट शिकवत नाही. दोन लहान मुली आहेत, घराचा हप्ता तिच्या पगारावर आहे. मी म्हणाले, ही सही मी करणार नाही.

"आता?" ती म्हणाली. "आता सुचलं तुम्हाला? मी नको म्हणत होते काकू. मला सह्या करताना रडू येत होतं. तुम्हीच म्हणालात, रडू नकोस, शाई पसरेल."

मी म्हणाले होते, रत्ना. मी ते विसरले होते. ती विसरली नव्हती.

पेढ्यांचा पुडा तिने नेला नाही. तासाभराने गंगाधररावांचा फोन आला. ओरडले नाहीत. म्हणाले, "मॅडम, चौकशी लागली तर आधी हस्ताक्षर बघतात. ते काही सूनबाईचं नाही." मग म्हणाले, "ती धनगराची पोर परदेशात मजेत आहे ना? मग कुणासाठी हे?"

तीन आठवडे मी हाच प्रश्न स्वतःला विचारत होते, म्हणून तो त्यांच्या तोंडून ऐकताना ओळखीचा वाटला. मी म्हणाले, तिचं नाव रत्ना ढेबे आहे, आणि फोन ठेवला. वाटलं तितकं बरं वाटलं नाही.

मी वकिलांना भेटले. पेन्शन थांबू शकते. गुन्हाही दाखल होऊ शकतो, माझ्यावर आधी. मितालीची नोकरी जाईल, त्या दोन मुलींचं काय होईल ते मला माहीत नाही. तू परत येऊन ती जागा घेणार नाहीस, आणि घेऊही नकोस. शेजारच्या नलूताई कालपासून ओट्यावर दिसल्या की आत जातात; भोर लहान आहे. यातून कुणाचं भलं होईल असं मला दाखवता येत नाही. फक्त एवढंच, की सहा वर्षं तू शिकवलंस आणि ते कुठेतरी लिहिलेलं असायला हवं. कोंडाबाईंना त्याची गरज नाही. तुलाही उरली नाही. मला आहे.

तू मला माफ कर असं मी लिहीत नाही. वाचलं असलंस तरी कळवू नकोस. निळ्या खुणा दिसतात मला.

जुना कागद फाडून कालच नवा लिहिला आहे. मूळ प्रत उद्या रजिस्टर पोस्टाने शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाईल. तुझी प्रत खाली.

साधना


दाखला

भोर, दि. १४ जून २०२५

मी, साधना केशव गुप्ते, सेवानिवृत्त मुख्याध्यापिका, लिहून देते की, कु. रत्ना सावळाराम ढेबे, राहणार हिर्डोशी, तालुका भोर, यांनी दि. १५ जून २०१६ ते ३० एप्रिल २०२२ या काळात माझ्या शाळेत इयत्ता आठवी ते दहावीस गणित शिकवले. वडिलांच्या निधनाचे तीन दिवस वगळता त्या रोज हजर होत्या.

या कामाचा त्यांना पगार देण्यात आला नाही व मस्टरवर त्यांचे नाव घेण्यात आले नाही. त्यांच्या सह्यांची वही मी जाळली. याच काळातील नोव्हेंबर २०२१ पर्यंतचे सौ. मिताली फणसे यांच्या नावाचे मस्टर माझ्या हस्ताक्षरात असून ते नोव्हेंबर २०२१ मध्ये चार दिवसांत माझ्या घरी तयार केले आहे. सह्यांसाठी पेने मी दिली.

नोव्हेंबर २०२१ नंतर ही गोष्ट ठाऊक असूनही कु. ढेबे यांनी वर्ग सोडला नाही व अभ्यासक्रम पूर्ण केला.

वर्तणूक: उत्तम.

हा दाखला त्यांच्या विनंतीवरून दिलेला नाही.

साधना केशव गुप्ते